फाशांचा डबा आणि वहीतला हिशेब

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सकाळी आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दापोडीला राहते. फोनवर नेहमीचे "जयभीम भाऊ, बरा आहेस ना?" झालेच नाही. एकदम रडका आवाज. "भाऊ, तू आजच्या आज ये. पोरगा हाताबाहेर गेला. पोरगा फासे खेळतो."

माझ्या पोटात धस्स झाले. दाजी गेल्यापासून आक्काने दोन लेकरांना कसे वाढवले ते मी पाहिले आहे. थोरला पदवीधर झाला, हिंजवडीला नोकरीला लागला. धाकटी नर्सिंगला आहे. महिनाभरापूर्वी तिच्या फीचा बावीस हजारांचा हप्ता भरायचा होता, तेव्हा आक्काने हातातल्या दोन बांगड्या पतपेढीत ठेवल्या. पोराला कळू दिले नाही. त्याच घरात फासे! आमच्या लहानपणी वस्तीच्या मागे पिंपळाखाली बसणाऱ्यांचे संसार कसे उघड्यावर आले, ते आम्ही दोघा भावंडांनी डोळ्यांनी पाहिलेले. मी मिळेल ती गाडी धरली आणि पुणे गाठले.

घरी पोचलो तर आक्काने पुरावाच मांडून ठेवला होता. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, आणि त्यात फासे. पण हे फासे आपल्या सारीपाटाचे नव्हेत, की लुडोचेही नव्हेत. काही चार बाजूंचे, काही आठ बाजूंचे, काही बारा, आणि काही तर चक्क वीस बाजूंचे. निळे, जांभळे, आत चमकी भरलेले. मी कारकून माणूस, सवयीने मोजले. त्रेसष्ट निघाले. डब्याशेजारी जाडजूड इंग्रजी पुस्तके, मुखपृष्ठावर राक्षस आणि आग ओकणारे अजगर. आणि बोटाएवढे प्लॅस्टिकचे पुतळे, हातात तलवारी घेतलेले.

"विहारात आपण काय ऐकतो? संपत्ती नासायच्या वाटांमधली एक वाट जुगार," आक्का म्हणाली. "आणि हा दर शनिवारी रात्री अकराला घरी येतो."

भाचा मान खाली घालून बसला होता. मी विचारले, "बाळा, किती हरलास?"

तो म्हणाला, "मामा, यात पैसे लावतच नाहीत. यात कोणी हरतही नाही आणि जिंकतही नाही."

वाचकहो, खरे सांगतो, मला आधी ही थापच वाटली. ज्यात हार नाही, जीत नाही, तो खेळ कसला? पण त्याने शांतपणे सगळे समजावून सांगितले. नंतर मीही आठ-दहा दिवस वाचन केले, चार ठिकाणी विचारले. ते आज तुमच्यापुढे मांडतो. कारण असे डबे आता पुण्या-मुंबईत आणखीही काही घरांत निघत असतील, आणि आई-बापांना वाटणारी भीतीही तीच असेल.

हा खेळ आहे तरी काय?

लहानपणी आजी गोष्ट सांगायची आणि आपण "हं, हं" म्हणून हुंकार द्यायचो. समजा, आजी म्हणाली, "राजपुत्र गुहेच्या तोंडाशी आला," आणि आपण म्हणालो, "आजी, थांब. मी राजपुत्र. मी आत जाणार नाही, आधी दगड टाकून बघणार." आणि आजीने ते मान्य करून गोष्ट तिकडे वळवली. हाच तो खेळ. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्टीचे जग सांभळतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी चोर. काय करायचे ते प्रत्येकाने तोंडाने सांगायचे आणि ते जमले की फसले ते फासा टाकून ठरवायचे. वीस बाजूंचा फासा त्यासाठी. गोष्ट एका बैठकीत संपत नाही, महिनोन् महिने चालते. पैशाचा डाव कुठेच नाही.

या प्रकारातला सर्वांत नावाजलेला खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. यातल्या गायगॅक्स यांची हकीकत मला विशेष वाटली. हे गृहस्थ शिकागोला विमा कंपनीत नोकरीला होते. १९७० साली नोकरी गेली. घरात पाच मुलांचा संसार. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावी घराच्या तळघरात बसून ते जोडे दुरुस्त करू लागले. दिवसा जोडे शिवायचे आणि उरलेल्या वेळात खेळाचे नियम टंकायचे. मोठ्या प्रकाशकांनी खेळ घेतला नाही, तेव्हा १९७३ साली गायगॅक्स आणि डॉन के या मित्राने हजार-हजार डॉलर घालून टीएसआर नावाची कंपनी काढली. के यांच्याकडे रोख पैसे नव्हते, त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले. पुढे ब्रायन ब्लूम या तिसऱ्या मित्राने दोन हजार घातले, तेव्हा कुठे हजार प्रती छापून झाल्या. डबे घरीच भरले. एका डब्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर. त्या हजार प्रती वर्षाच्या आत खपल्या.

म्हणजे हा खेळ काही श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मलेला नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने तो घडवला. आता तो खर्चिक कसा झाला, ते पाहू.

दहा डॉलरपासून पुढे

परदेशातली किंमत ऐकली की आपण लगेच रुपयांत गुणाकार करतो आणि डोळे पांढरे करतो. तो हिशेब खरा नाही. तिथल्या माणसाला ती वस्तू घ्यायला किती तास राबावे लागते, हे पाहावे. १९७४ साली अमेरिकेत केंद्र सरकारचे किमान वेतन तासाला २ डॉलर झाले. म्हणजे १० डॉलरचा डबा घ्यायला ५ तासांची मजुरी. आणि तो एक डबा सगळ्या टोळक्याला पुरायचा.

पुढे खेळ वाढला. १९७७ ते १९७९ या काळात एकाची तीन मोठी पुस्तके झाली. एक राक्षसांचे, एक खेळाडूंचे, एक डंजन मास्टरचे. ही तीन पुस्तकांची रीत आजही आहे. २०१४ साली पाचवी आवृत्ती आली तेव्हा प्रत्येक पुस्तकाची किंमत ४९ डॉलर ९५ सेंट होती. २०२४-२५ मध्ये सुधारलेली तीन पुस्तके आली, ती प्रत्येकी ४९ डॉलर ९९ सेंटला. तिन्ही मिळून दीडशे डॉलर धरा. तिथले केंद्राचे किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकलेले आहे. अनेक राज्यांत ते जास्त आहे, पण केंद्राचा आकडा तोच. म्हणजे तिन्ही पुस्तकांना जवळजवळ २१ तासांची मजुरी. पाच तासांचे एकवीस झाले.

पण थांबा. सर्वांनी तिन्ही पुस्तके घ्यायची नसतात. साध्या खेळाडूला फार तर एक पुस्तक पुरते, म्हणजे सात तासांची मजुरी. आणि आवृत्ती बदलली म्हणून जुने पुस्तक रद्द होते असेही नाही. आपल्याकडे शाळेचा अभ्यासक्रम बदलला की थोरल्याची पुस्तके धाकट्याला चालत नाहीत, कारण परीक्षा बोर्ड घेते. या खेळाला बोर्ड नाही. १९८९, २०००, २००३, २००८, २०१४, २०२४ अशा आवृत्त्या येत गेल्या, पण जुन्याच पुस्तकावर खेळणारी टोळकी आजही आहेत. नवे घेतलेच पाहिजे असे कोणी सांगत नाही. तरी लोक घेतात. का घेतात, तिथे खरी मेख आहे.

खेळणे वेगळे, घेणे वेगळे

खेळायला लागते काय? नियम, पेन्सिल, कागद, फाशांचा एक संच आणि चार माणसे. संचात सात फासे असतात. आजच्या घडीला या खेळाच्या नियमांचा गाभा इंटरनेटवर फुकट मिळतो. पाथफाइंडर नावाचा दुसरा मोठा खेळ आहे, त्याचे नियमही फुकट वाचता येतात. अमेरिकेत तर अनेक सार्वजनिक वाचनालयांत हा खेळ मुलांना शिकवतात आणि पुस्तके घरी नेऊ देतात. म्हणजे मनात आणले तर हा जगातला एक स्वस्त विरंगुळा आहे.

पण दुकानात काय आहे? निरनिराळ्या रंगांचे फासे, धातूचे फासे, खड्यांचे फासे. फासे ठेवायची लाकडी पेटी. पुतळे, पुतळ्यांचे रंग, रंगाचे ब्रश. डंजन मास्टरसमोर ठेवायचा पुठ्ठ्याचा पडदा. नकाशे. तयार कथानकांची पुस्तके. इंटरनेटवरची मासिक वर्गणी. एक काळ असा होता की कागदी पुस्तक घेतले तरी त्याची इंटरनेटवरची प्रत पुन्हा वेगळे पैसे देऊन घ्यावी लागे. दोन्ही एकत्र सवलतीत मिळायला लागले ते पुढे. आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी तर थाटच वेगळा. २०१८ साली बीडल अँड ग्रिम्स या कंपनीने एका कथानकाचा शाही डबा काढला, किंमत ४९९ डॉलर. किमान वेतनावरच्या माणसाची साडेआठ दिवसांची मजुरी, एका गोष्टीसाठी!

शिवाय किकस्टार्टरसारख्या ठिकाणी पैसे आधी भरायचे आणि माल नंतर, अशी पद्धत आहे. वस्तू हाती पडेपर्यंत वर्षभर वाट पाहावी लागणे नेहमीचे. अॅव्हटार लेजंड्स नावाच्या खेळाला २०२१ साली असे ९५ लाख डॉलर जमले. देणारे ८१ हजार ५६७. मी भागाकार केला, माणशी सरासरी ११७ डॉलर आले. यातल्या किती जणांनी तो खेळ खरोखर टेबलावर मांडला असेल, हा प्रश्न माझ्या मनात आला.

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी स्वतःचे सांगतो. दर सहा डिसेंबरला मी शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पिशवी भरून पुस्तके आणतो. घरी कपाटात चाळीस तरी पुस्तके अशी आहेत की ज्यांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. मंडळी विचारते, "आधीची वाचली का?" मी पेपरात डोके घालतो. घेताना माणसाला वाटते की आपण वाचलेच. भाच्याचेही तेच. पुस्तक घेतले की त्याला ती गोष्ट आपण खेळलोच असे वाटते. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम केले, खेळायला शनिवार एकच. पण विकत घ्यायला तर रोज रात्री वेळ असतो.

विकणारेही यात बुडतात

हा मोह फक्त गिऱ्हाइकाचाच नाही. १९८५ साली गायगॅक्स यांच्या हातून कंपनीचा ताबा गेला. पुढे नव्वदच्या दशकात टीएसआरने एकाच खेळासाठी निरनिराळी काल्पनिक जगे काढण्याचा सपाटा लावला. एक वाळवंटाचे, एक भुताखेतांचे, एक आकाशात उडणाऱ्या जहाजांचे. प्रत्येकाची वेगळी पुस्तके, वेगळे नकाशे. झाले असे की गिऱ्हाईक तेवढेच राहिले आणि वाटले गेले. वाळवंटवाला भुतांचे पुस्तक घेईना. काही डबे तर बनवायच्या खर्चापेक्षा कमी किमतीत विकले गेले. वितरकाकडून माल पाठवताच उचल मिळायची आणि न खपलेला माल परत आला की ती अंगावर यायची. शेवटी छापखान्याचे बिल द्यायला पैसे राहिले नाहीत. १९९७ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली आणि १९९९ साली विझार्ड्सलाच हॅस्ब्रो या मोठ्या खेळणी कंपनीने घेतले. बी.कॉम.ला आम्हाला शिकवलेले की गोदामात पडलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. कंपनीच्या गोदामाला जे लागू तेच घरच्या कपाटालाही लागू.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. डिसेंबर २०२२ मध्ये या मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी गुंतवणूकदारांपुढे सांगितले की या खेळातून जेवढी कमाई व्हायला हवी तेवढी होत नाही. कारण खेळणाऱ्यांत डंजन मास्टर पाचातला जेमतेम एक, पण पैसे खर्च करणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. बाकीचे चार नुसते येऊन खेळतात.

हे वाचले आणि मी भाच्याला फोन केला. विचारले, "तुमच्यात तो डंजन मास्टर कोण?"

पलीकडून हळू आवाज आला, "मीच, मामा."

वही उघडली

पुढच्या रविवारी मी पुन्हा दापोडीला गेलो. सोबत शंभर पानी वही नेली. भाच्याला म्हटले, "रागवायला आलेलो नाही. दोन वर्षांचा हिशेब मांडायचा, एवढेच." त्याने मोबाइलवरून एकेक पावती काढली आणि मी लिहीत गेलो.

मूळ तीन पुस्तके, १०,५०० रुपये. कथानकांची चार पुस्तके, ११,२००. फाशांचे नऊ संच, ५,४००. पुतळे आणि रंग, ६,३००. इंटरनेटची वर्गणी महिना पाचशेप्रमाणे चोवीस महिने, १२,०००. पडदा आणि नकाशे, २,१००. एकूण ४७,५०० रुपये.

आकडा ऐकून आक्का भिंतीला टेकून खालीच बसली. भाच्याचाही चेहरा उतरला. त्याने कधी बेरीजच केली नव्हती. पाचशे-सहाशेच्या पावत्या, एकेक पाहिली तर काहीच वाटत नाही.

मी म्हटले, "आक्का, अजून हिशेब संपलेला नाही." दोन वर्षांत त्यांच्या सुमारे ऐंशी बैठकी झाल्या. एक बैठक चार तासांची. म्हणजे ३२० तास. माणसे सहा. ४७,५०० ला या सगळ्यांच्या मिळून १,९२० तासांनी भागले तर माणशी तासाला पंचवीस रुपयेही होत नाहीत. सिनेमाला जाऊन पॉपकॉर्न खाणारा तासाला याच्या कितीतरी पट घालवतो. वर दारू नाही, जुगार नाही. सहा पोरे एका जागी बसून एकमेकांचे बोलणे ऐकतात. तेव्हा खेळ वाईट नाही.

"मग वाईट काय?" आक्काने विचारले.

वाईट दोन गोष्टी. पहिली, कपाटात पडलेला माल. चारपैकी दोन कथानके अजून उघडलेली नव्हती, ५,६०० रुपये. दोन संच पुरतात तिथे नऊ, म्हणजे सात संच फुकट, ४,२०० रुपये. न रंगवलेले पुतळे ३,१०० चे. आणि ही सगळी पोरे एका खोलीत समोरासमोर बसून खेळत असताना, दुसऱ्या वर्षाची इंटरनेटची वर्गणी कापली जात राहिली ती ६,००० रुपयांची. बेरीज १८,९००. बहिणीच्या फीचा हप्ता बावीस हजारांचा होता.

हे मी मुद्दाम मोठ्याने वाचले नाही. त्याने वहीत वाचले. मग आक्काच्या रिकाम्या हाताकडे पाहिले आणि पहिल्यांदा विचारले, "आई, बांगड्या कुठे आहेत?"

आक्का काही बोलली नाही. चहा ठेवायला आत गेली.

वर्गणीची लाज

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. मी विचारले, "बाकीचे पाच जण किती देतात?" तो म्हणाला, "काही नाही. येताना कधी वेफर्सचे पाकीट आणतात."

"तू मागितलेस का?"

बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मामा, त्यांच्यातले दोघे गाडीने येतात. एकाचे वडील डॉक्टर आहेत. मी मागितले तर त्यांना वाटेल, याच्याकडे एवढेही नाहीत. ते मला कधी काही बोलले नाहीत. पण माझ्याकडे सगळी पुस्तके असली की मला त्यांच्या बरोबरीचा वाटतो."

वाचकहो, या वाक्यावर मी रात्रभर विचार केला. चाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीला पैसे नाहीत म्हणून मी पोट दुखण्याचे सोंग घेतले होते. घरची पोरे शिकली, नोकरीला लागली, पण ते पोट अजून दुखतेच आहे. फक्त आता सोंग उलटे. तेव्हा नाहीत हे लपवायला घरी बसत होतो, आता नाहीत हे लपवायला जास्त खर्च करतो.

मी त्याला म्हटले, "अरे, मी वीस वर्षे जयंतीची वर्गणी गोळा करतो. दारोदार पावतीपुस्तक घेऊन जातो. मला कधी लाज वाटली नाही, कारण ते सर्वांचे काम आहे. आपल्या वस्तीतला कॅरम बोर्ड कोणी एकट्याने घेतला होता का? पाच-पाच रुपये काढले म्हणून तो सर्वांचा झाला आणि सर्वांनी जपला. एकट्याने घेतला असता तर तो त्याचा राहिला असता आणि आपण पाहुणे. वर्गणी मागणारा कमी ठरत नाही. वर्गणी मागतो तो बरोबरीने वागतो."

मग पुन्हा वही. जो माल खरोखर वापरात आहे तो २८,६०० रुपयांचा. सहा जणांत वाटला, चोवीस महिन्यांत वाटला, तर माणशी महिना दोनशे रुपयांच्या आत. हा बोजा कोणालाच जड नाही. एकट्याच्या खांद्यावर मात्र तो महिन्याला बाराशेच्या घरात जातो.

गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन काही केले की काय होते, याचे उदाहरण याच खेळात आहे. या खेळावर आधारित साहित्य इतरांनाही काढता यावे असा एक खुला परवाना २००० सालापासून होता. जानेवारी २०२३ मध्ये तो बदलण्याचा कंपनीचा मसुदा बाहेर फुटला. छोट्या लेखकांच्या पोटावर पाय येणार असे दिसताच खेळणारे खवळले. त्यांनी दगड मारले नाहीत. इंटरनेटवरची मासिक वर्गणी बंद करायला सुरुवात केली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा गाभा सर्वांना कायमचा खुला करून टाकला. म्हणजे ज्या वर्गणीला भाचा अडकून बसला होता, ती बंद करता येते. आणि वेळ आली की तिचे हत्यारही होते.

घरोघरच्या आई-बापांसाठी

आता थोडे व्यवहाराचे. तुमच्या घरात मुलाला कुठलाही छंद असो. क्रिकेटची बॅट असो, कॅमेरा असो, मोबाइलवरचा खेळ असो, की हा फाशांचा खेळ.

पहिले, डबा दिसला की लगेच आरडाओरडा करू नका. आधी विचारा, हे काय आहे, मला दाखव. आक्काने विचारले असते तर तिचे दोन दिवसांचे रडणे वाचले असते.

दुसरे, छंदाची वेगळी वही ठेवायला लावा. तीन रकाने करा. काय घेतले, कितीला घेतले, किती वेळा वापरले. तिसरा रकाना रिकामा राहिला की पुढची खरेदी थांबवायची. मोबाइलवरून आपोआप कापली जाणारी रक्कम दर महिन्याला पाहावी.

तिसरे, आधी फुकट ते वापरावे. मग एक पुस्तक घ्यावे. ते पूर्ण वापरून झाल्यावरच दुसरे.

चौथे, चार जण मिळून जो छंद करतात त्याला चार जणांची वर्गणी असावी.

आणि पाचवे आई-बापांसाठी. घरातली अडचण कमावत्या मुलापासून लपवू नका. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि एक अडीअडचणीसाठी. त्यात उपभोगालाही जागा ठेवलेली आहे, हे आपण विसरतो. पण घरात किती आले आणि किती गेले हेच ज्याला माहीत नाही, तो भाग पाडणार कसे? आक्काने बांगड्यांचे सांगितले असते तर पोराने फासे घेतले नसते. त्याने खर्चाचे सांगितले असते तर आक्काने त्याला जुगारी ठरवले नसते. दोघेही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प राहिले.

पुढे काय झाले

भाच्याने पुढच्या शनिवारी वही टेबलावर ठेवली. अगोदर मला तीनदा फोन केला, काय बोलू म्हणून. मी म्हटले, काही बोलू नकोस, वही उघड. वही बघून सगळे गप्प झाले म्हणे. मग डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, "अरे, आम्हाला वाटले तुला हे जमवायचा नाद आहे. तू कधी बोललाच नाहीस." त्यांनी महिना दोनशे रुपये ठरवले. खजिनदार म्हणून एका मुलीला नेमले, कारण भाच्याच्या हातात पैसे दिले तर तो पुन्हा फासे आणेल, असे तीच म्हणाली.

न उघडलेली दोन पुस्तके त्याने निम्म्या किमतीला विकली. इंटरनेटची वर्गणी बंद केली. बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत. अजून तीन हप्ते आहेत आणि ते तो भरतो आहे. आक्काला तो खेळ अजूनही आवडलेला नाही. रात्री अकरा वाजता येणे तिला पटत नाही, आणि त्यात तिचे चुकते असे मलाही वाटत नाही. आता तो दहाला येतो.

जादा झालेले सात संच त्याने काय केले, ते सांगून थांबतो. त्यातला एक त्याने मला दिला. बाकीचे वस्तीतल्या अभ्यासिकेत नेऊन ठेवले. रविवारी सहावी-सातवीची आठ-दहा पोरे जमतात. राक्षसांचे पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून गोष्ट मराठीत सांगावी लागते आणि भाचा ती सांगतो. गेल्या रविवारी मी दाराशी उभा राहून ऐकले. सहावीतली एक मुलगी, जी वर्गात तोंड उघडत नाही असे तिची आई सांगते, ती उठून म्हणाली, "मी पुलावरून जाणार नाही. मी पुलाखाली कोण बसलंय ते आधी बघणार." आणि तिने फासा टाकला.

त्या दिवशीच्या खेळाला खर्च आला चहा-बिस्किटांचा, ऐंशी रुपये. तो मी वहीत लिहिला आहे.

जयभीम.